मॅग्नम नको, नेम हवा

कोलोरॅडोत राहायला आल्यापासून दर ऑक्टोबरात ऑफिसात एकच भांडण ऐकतोय: एल्कला कुठली रायफल? एल्क म्हणजे आपल्या सांबराचा इथला चुलतभाऊ. मोठा नर 300 किलोंच्या घरातला. त्यामुळे ज्याला त्याला .300 विंचेस्टर मॅग्नम हवी. आम्हा इंजिनिअर लोकांचा हा जुनाच रोग: आकडा मोठा, म्हणजे माल भारी.

स्पष्ट बोलतो, हा माज आहे आणि त्याची किंमत जनावर मोजतं. .30-06 हे काडतूस 1906 सालचं, .270 विंचेस्टर 1925 चं. दोघांनी पिढ्यान्‌पिढ्या एल्क पाडलेत. मॅग्नमने गोळीचा वेग थोडा वाढतो, खांद्याला बसणारा धक्का मात्र चांगलाच वाढतो. रेंजवर मी स्वतः ती चालवलीय. चौथ्या गोळीला घोडा दाबण्याआधीच माझे डोळे मिटत होते. असा नेम हलला की फुप्फुसात जाणारी गोळी पोटात जाते. मग एल्क तासन्‌तास तडफडतो, कधी सापडतही नाही.

इथल्या कायद्याला एल्कसाठी किमान .24 कॅलिबर आणि 85 ग्रेनची गोळी चालते. इतकं खाली जा असं मी म्हणत नाही. .270 किंवा .30-06 घ्या. आत शिरताच चुरा न होता खोल जाणारी गोळी निवडा. उरलेले पैसे सरावावर घाला. 200 यार्डांवरून, बाकाचा आधार न घेता, प्रत्येक गोळी जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात बसते का बघा.

बसत नसेल तर यंदा लायसन्स काढू नका.