एका पिशवीत शंभर पिलं, कागद मात्र एकच: टॅरेंट्युलाच्या घरगुती पैदाशीपुढचा कायद्याचा पेच

भोपाळमध्ये रायसेन रोडवरच्या आनंद नगरसारख्या वस्तीत एखाद्या पोराने घरातल्या फडताळावर काचेच्या डब्यात टॅरेंट्युला, म्हणजे केसाळ मोठा कोळी पाळला, तर शेजाऱ्याला पत्ताही लागणार नाही. त्याचा आवाज नाही, वास नाही, त्याला फिरवून आणायची गरज नाही. आठवड्याला दोन-चार झुरळं किंवा नाकतोडे मिळाले की झालं. कुत्र्याचा परवाना विचारणारी महापालिका इथपर्यंत येत नाही. मात्र त्या डब्यातली मादी अंड्यांची पिशवी विणते, त्या दिवसापासून हा नुसता छंद राहत नाही. त्याचा थेट संबंध वन्यजीव कायद्याशी येतो, आणि या टप्प्यावर कायदा आणि वास्तव यांचा मेळ बसत नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा ‘साइट्स’ हा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याच्या याद्या या दुरुस्तीने चौथ्या अनुसूचीच्या रूपाने थेट भारतीय कायद्यात आल्या. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम काढले. यादीतला प्राणी ज्याच्याकडे आहे, त्याने सहा महिन्यांत ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करायची होती. नव्याने प्राणी आला तर तीस दिवसांत. प्राणी दुसऱ्याला दिला, मेला किंवा त्याला पिलं झाली, तरी कळवायचं. अर्ज जातो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे. आनंद नगरातल्या माणसासाठी ते कार्यालय भोपाळातच. बेळगाव-कारवारच्या माणसाला बेंगळुरू, बुलढाण्याच्या माणसाला नागपूर.

पोपट, इग्वाना, कासव यांच्या बाबतीत हे जमतं. पोपटाला दोन-चार पिलं होतात, ती मोजता येतात, पायात कडी घालता येते. कोळ्याचं तसं नाही.

पिशवीच्या आत काय चालतं

टॅरेंट्युलाची मादी वयात यायला काही वर्षं घेते, पण पुढे चांगली जगते. काही जातींच्या माद्या वीस वर्षांच्याही वर जातात. नराचं आयुष्य तोकडं. शेवटची कात टाकून तो वयात आला की त्याच्या हातात साधारण वर्ष-दीड वर्ष. तो आधी एक छोटं जाळं विणून त्यावर वीर्य सोडतो, ते तोंडाजवळच्या दोन सोंडांसारख्या अवयवांत भरून घेतो आणि मग मादीच्या दाराशी जाऊन पायांनी ठेका धरतो. मादी भुकेली असेल तर नराचाच घास होतो. म्हणून पाळणारे आधी मादीला पोटभर खाऊ घालतात.

मिलनानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, मादी रेशमाची चादर विणते, त्यावर अंडी घालते आणि चादर गुंडाळून चेंडूसारखी पिशवी करते. पिशवी ती सोडत नाही. पायात धरून फिरवत राहते, नाहीतर तळची अंडी दबून चिकटतात. डबा हलवला, उजेड पडला, कुणी सारखं डोकावलं, तर घाबरलेली मादी स्वतःचीच पिशवी खाऊन टाकते. हा धोका टाळायला अनुभवी लोक महिनाभराने पिशवी काढून घेतात. मग ओलसर कापूस किंवा कागद ठेवलेल्या डब्यात, साधारण २५ ते २८ अंश तापमानात, जाळीवर किंवा जुन्या नायलॉनच्या मोज्याच्या झोळीत ती ठेवतात आणि दिवसातून काही वेळा हलक्या हाताने फिरवतात. ओल कमी पडली तर अंडी सुकतात, जास्त झाली तर बुरशी धरते. फार लवकर काढली तर सगळंच हातचं जातं.

अंड्यातून आधी पाय फुटलेला, हलता न येणारा पांढरा गोळा निघतो. तो कात टाकतो, पुन्हा टाकतो, तेव्हा कुठे स्वतः खाणारं पिलू तयार होतं. भारतीय झाडकोळ्यांच्या पिशवीत शंभराच्या आसपास पिलं निघू शकतात, मेक्सिकोकडच्या काही जातींत काही शे. म्हणजे एका सकाळी पाळणाऱ्याच्या घरात एकदम शंभर ‘नोंदणीपात्र प्राणी’. प्रत्येक भाताच्या दाण्याएवढा, कडी किंवा चिप लावणं अशक्य, आणि महिनाभरात त्यातले किती जगतील याचा नेम नाही. शंभर अर्ज करायचे की एक? मोजायचं कधी, अंडं असताना की खाऊ लागल्यावर? रोज मेलेल्या पिलाची वर्दी द्यायची का? हे प्रश्न पोपट-कासव डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या चौकटीत बसत नाहीत.

भारताचाच कोळी, बाजार मात्र परदेशात

‘एवढ्याशा कोळ्यासाठी एवढा आटापिटा कशाला’ असं कुणी म्हणेल. तर आंध्रातला निळा कोळी पाहा. पोईसिलोथेरिया मेटॅलिका हे त्याचं शास्त्रीय नाव. १८९९ साली पोकॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं, तेही गुत्ती या रेल्वेच्या गावी लाकडाच्या वखारीत सापडलेल्या एकाच नमुन्यावरून. त्यानंतर शंभर वर्षं तो कुणाला दिसला नाही. २००१ मध्ये गुत्तीपासून दूर, नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात तो पुन्हा सापडला. पहिला नमुना बहुधा लाकडाच्या गाडीतून गुत्तीला आला असावा. पुन्हा सापडल्यावर थोड्याच वर्षांत तो युरोप-अमेरिकेतल्या छंदिष्टांच्या डब्यांत पोचला. २००८ मध्ये आययूसीएनने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवलं. तेव्हा माहीत असलेलं त्याचं घर म्हणजे तेवढा जंगलाचा तुकडा.

भारतातून वन्यप्राण्यांच्या निर्यातीला बंदी आहे. मग तो तिकडे गेला कसा? उत्तर पुन्हा पिशवीपाशीच येतं. जंगलातून एक गाभण मादी उचलली की पुढचं सोपं. तिने डब्यात पिशवी केली की शंभर पिलं ‘घरी जन्मलेली’ म्हणून विकता येतात. मूळ चोरी एकीची, माल शंभरांचा. साइट्सच्या कागदपत्रांत यासाठीच वेगवेगळी अक्षरं आहेत. जंगलातून आणलेल्या प्राण्याला एक, खऱ्या अर्थाने बंदिवासात पैदास झालेल्याला दुसरं, आणि बंदिवासात जन्मला पण आई-बाप जंगलातले, अशाला तिसरं. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक पिलाकडे पाहून कळत नाही. तो आईच्या कागदावरूनच कळतो.

पोईसिलोथेरिया हा अख्खा गट भारत आणि श्रीलंका सोडून कुठेच नाही. श्रीलंका आणि अमेरिकेच्या प्रस्तावावरून २०१९ च्या जिनिव्हा बैठकीत तो साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला. त्याआधी २०१८ मध्ये अमेरिकेने श्रीलंकेतल्या पाच जाती आपल्या कायद्याने संकटग्रस्त ठरवल्या. परिणाम असा की तिथे त्या जातींची पिलं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायलाही परवाना लागतो.

उलट दिशेचा रस्ताही उघडा आहे. जुलै २०२१ मध्ये चेन्नईत सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेलं टपालाचं पार्सल उघडलं. आत चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या छोट्या कुप्या, आणि त्यांत १०७ जिवंत कोळी. ना आयात परवाना, ना आरोग्याचे कागद. ते पोलंडला परत पाठवण्यासाठी टपाल खात्याच्या ताब्यात दिले गेले. संख्या पाहिली तर एका चांगल्या पिशवीएवढीच.

राज्याची हद्द कोळ्याला ठाऊक नसते

सीमाभागातल्या वाचकाला हा भाग ओळखीचा वाटेल. उत्तर कन्नड आणि गोव्याच्या जंगलांत बिळात राहणारे थ्रिग्मोपिअस कोळी आहेत, सह्याद्रीत चिलोब्राकिस आहेत. एकाच डोंगराच्या तीन उतारांवर तीन राज्यं, तीन वनखाती. पोर्टल केंद्राचं एकच असलं तरी घरी येऊन तपासणी करणारा वनरक्षक राज्याचा. त्याला वाघाचं कातडं ओळखता येतं. पण भाताच्या दाण्याएवढं पिलू मेक्सिकोचं की आपल्याच घाटातलं, हे त्याने कसं सांगायचं?

मार्ग आहेत, आणि ते महागडे नाहीत. नोंदणीचं एकक ‘प्राणी’ न धरता ‘पिशवी’ धरावं. पिलं स्वतः खाऊ लागली की एकदाच मोजणी करावी आणि तो आकडा आईच्या नोंदीला जोडावा. मादीने टाकलेली कात जपून ठेवणं बंधनकारक करावं. कातीवरून मादी की नर ते कळतं, आणि डीएनए तपासून पिलांची आई तीच का, हेही पाहता येतं. ओळख पटवण्यासाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं मध्य भारतातलं केंद्र जबलपूरला आहेच. भोपाळहून तिथे नमुना रात्रीच्या गाडीने पोचतो.

पाळणाऱ्यांसाठीही दोन गोष्टी. यादीतला कोळी नोंदीविना ठेवणं हा गुन्हा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि दंडाची मर्यादा २०२२ च्या दुरुस्तीने पंचवीस हजारांवरून एक लाखावर गेली आहे. दुसरं म्हणजे, पिलं जास्त झाली म्हणून ती केरवाच्या किंवा कुठल्याही रानात सोडणं ही दया नव्हे. परक्या जातीचं पिलू एकतर मरतं, नाहीतर तिथल्या कोळ्यांच्या मुळावर उठतं. आपल्या झाडकोळ्याच्या चाव्याने जीव गेल्याची नोंद नाही, पण स्नायूंना येणारे वांब दिवसेंदिवस छळतात आणि त्यावर उतारा देणारी लस नाही.

काळजी घेऊन केलेली पैदास जंगलावरचा भार हलका करू शकते, हे खरं. जो माल घरात तयार होतो, त्यासाठी कुणी झाडाच्या ढोल्या फोडत बसत नाही. पण त्यासाठी आईचा कागद खरा हवा, आणि तो खरा ठेवता येईल असा नियमही हवा. आज प्रामाणिक माणसाला शंभर अर्जांची धास्ती आहे आणि लबाडाला कसलीच नाही. हे उलटं झालं, तरच नोंदणीला अर्थ.