आमच्या कट्ट्याला पास-नापास करणारे तुम्ही कोण?

मोबाईलवरचा एक खेळ आता आम्हाला सांगणार, की लोह्यात बघण्यासारखी जागा कोणती आणि न बघण्यासारखी कोणती. हसू नका दोस्तांनो. खेळाचं काय एवढं मनावर घ्यायचं, असं म्हणू नका. चवदार तळं हीसुद्धा एक जागाच होती आणि तिथं कुणी जायचं हे ठरवणारे दुसरेच होते. कोणती जागा पवित्र, कोणती विटाळलेली, कोणती गावात आणि कोणती गावकुसाबाहेर, हा आमच्यासाठी कधीच खेळ नव्हता. त्याच्यापायी माणसं मेली आहेत.

आधी खेळ समजून घ्या. 'पोकेमॉन गो' जुलै 2016 मध्ये आला. मोबाईल घेऊन रस्त्यानं हिंडायचं, पडद्यावरचे प्राणी पकडायचे. खऱ्या गावातल्या खऱ्या जागा या खेळात थांबे होतात. थांब्याजवळ गेलं की खेळाचा माल मिळतो. काही जागा आखाडे होतात. तिथं लाल, निळी, पिवळी अशा तीन टोळ्या एकमेकींकडून जागा हिसकावतात. तुमच्या वस्तीत थांबाच नसेल तर खेळणाऱ्या पोरानं दुसऱ्याच्या वस्तीत जायचं. जुनाच रिवाज, नवा पडदा.

या जागा आल्या कुठून? खेळ काढणारी नियान्टिक कंपनी गूगलच्या पोटात जन्मली. तिचा आधीचा खेळ 'इंग्रेस', 2012 चा. त्याच्यासाठी ऐतिहासिक पाट्यांच्या याद्या आणि नेटवरचे फोटो गोळा केले, मग खेळणाऱ्यांनी जागा सुचवल्या. तोच साठा पोकेमॉनला वापरला. 2019 मध्ये 'वेफेअरर' नावाची व्यवस्था आली. वेफेअरर म्हणजे वाटसरू. एका खेळाडूनं जागेचा फोटो, नाव आणि चार ओळींची माहिती पाठवायची, दुसऱ्या खेळाडूंनी मत द्यायचं. जागा हिंडून बघण्यासारखी, व्यायामाची किंवा चार माणसं जमण्याची पाहिजे. कायमची पाहिजे. पायी सुखरूप जाता आलं पाहिजे. खासगी घर चालत नाही, लेकरांची शाळा चालत नाही. सगळीकडे सारखीच दिसणारी साधी वस्तू चालत नाही.

किती स्वच्छ नियम! जातीचा उल्लेखसुद्धा नाही. आता हेच नियम घेऊन आमच्या मुलखात उतरा.

नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा. लोहा तालुक्यातच माळेगाव. तिथलं खंडोबाचं देऊळ नियमात फटकन बसतं. दगडाचं आहे, कायमचं आहे, माणसं जमतात. पण माळेगावला नाव कशानं आलं? यात्रेनं. घोडे, उंट, गाढवं यांच्या बाजारानं. लावणीच्या फडानं. फडात नाचणारी बाई कोणत्या वस्तीतून येते, ढोलकी कोण वाजवतो, हे मी सांगायला पाहिजे काय? पण राहुट्या चार दिवसांनी उठतात. म्हणून देऊळ पास, फड नापास. कंधारचा किल्ला पास, खंदक खणणारे हात नापास.

'कायमचं' हा शब्द नीट बघा. ज्याच्या नावानं सातबारा आहे त्याचं सगळं कायमचं असतं. आमचं काय कायमचं? गायरानावरचं झोपडं अतिक्रमण ठरतं. भूमिहीनांना जमीन द्या म्हणून 1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांनी देशभर सत्याग्रह केला, लाखो माणसं तुरुंगात गेली. गायरानाची भांडणं अजून मिटलेली नाहीत. ज्या वस्तीच्या उंबऱ्यावर कधीही नोटीस चिकटू शकते, तिला तुम्ही विचारता, तुझी जागा कायमची आहे काय?

दुसरा शब्द 'वेगळेपण'. बाबासाहेबांचा पुतळा घ्या. निळा कोट, हातात संविधान, वर केलेलं बोट. महाराष्ट्रात गावोगाव असाच. कुठंतरी लांबच्या शहरात बसलेला खेळाडू फोटो बघून म्हणू शकतो, असले पुतळे ढीगभर आहेत, यात नवीन काय? अरे बाबा, पुतळा सारखा असेल, तो उभा राहिल्याची गोष्ट सारखी नाही. वर्गणी कुणी दिली, जागेला विरोध कुणी केला, किती वर्षं कागद फिरला, कुणावर केस झाली, हे प्रत्येक चौथऱ्याचं वेगळं आहे. ते फोटोत दिसत नाही. आणि तुमचा मतदार फोटोच बघतो.

बरं, पैसेवाल्याला हे नियम लागू आहेत काय? भारतात हा खेळ डिसेंबर 2016 मध्ये अधिकृतपणे आला तो रिलायन्स जिओला धरून. जिओची आणि रिलायन्स डिजिटलची हजारो दुकानं थांबे आणि आखाडे होणार असं जाहीर झालं. जपानात मॅकडोनाल्डची दुकानं तशीच आखाडे झाली. सगळीकडे सारखं दिसणारं दुकान! तिथं वेगळेपण कुणी विचारलं नाही. भांडवलदाराचं शटर एका करारानं प्रेक्षणीय होतं आणि आमच्या विहारानं परीक्षेला बसायचं.

अमेरिकेतही हेच. 2016 मध्येच तिथल्या पत्रकारांनी दाखवून दिलं, की काळ्या माणसांच्या वस्त्यांत थांबे कमी आणि गोऱ्यांच्या वस्त्यांत जास्त. कुणी मुद्दाम वगळलं असंही नाही. आधीच्या यादीत ते नव्हते, म्हणून पुढच्या यादीतही नाहीत. ज्यांच्या इतिहासाला पाटी लागली त्यांनाच थांबा मिळाला.

आणि आपल्याकडे बोंब कशाची झाली? सप्टेंबर 2016 मध्ये गुजरात हायकोर्टात जनहित याचिका गेली. तक्रार काय, तर देवळांत, जैन मंदिरांत या खेळात अंडी मिळतात आणि भावना दुखावतात. कोर्टानं नोटिसा काढल्या. पडद्यावरचं अंडं! ना टरफल, ना बलक, ना वास. त्याचासुद्धा विटाळ! मनुस्मृती 1927 मध्ये महाडला जळाली, पण तिची राख अजून मोबाईलच्या काचेवर बसते.

इथपर्यंत सोपं आहे. शिव्या घालून मोकळं होता येतं. अवघड पुढं आहे.

लोह्याच्या स्टँडजवळ चहाच्या गाड्यावर आम्ही पोरं हा विषय बोलत होतो. वस्तीतलं विहार टाकू, वाचनालय टाकू, जयंतीचा कट्टा टाकू. शेजारी बसलेले एक मामा सगळं ऐकत होते. ते म्हणले, "काय करलालाव रे पोरांनो? कामून पत्ता देता लोकाला? अठ्ठ्याहत्तरला आमचा पत्ता माहीत होता म्हणून तर घरं जाळली."

त्यांचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना मारलं. तेव्हा मोबाईल नव्हता, नकाशा नव्हता. जाळणाऱ्याला नकाशा लागत नाही. दलितवस्ती गावाच्या कोणत्या अंगाला आहे हे त्याला जन्मापासून पाठ असतं. मोबाईल आला म्हणून हे संपलं काय? मे 2015 मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला, भांडण मोबाईलवरच्या भीमगीताच्या रिंगटोनवरून सुरू झालं असं पेपरांत छापून आलं. जून 2023 मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत एका तरुणाचा खून झाला, गावात भीमजयंती काढल्याचा राग त्यामागं होता असा आरोप झाला. आमच्या पोराच्या हातातला फोन खेळणं नाही.

पण मामा, लपून आपण वाचलो काय? वैऱ्याला आपला पत्ता पाठ आहे. माहीत नाही ते बाकीच्या जगाला. टेंभुर्णी कुठं आहे हे आज पुण्याच्या हॉस्टेलवरच्या आपल्याच पोराला सांगता येत नाही. ही खरी हार आहे.

दुसरा आक्षेप माझा स्वतःचा आहे. ही वेठ आहे. गावगाड्यात महाराचं काम काय होतं? गावाची शीव सांगायची, खुणेचा दगड दाखवायचा, सरकारी माणसापुढं वाट दाखवत पळायचं. सगळ्या खुणा त्याला पाठ, आणि मजुरी शिळी भाकर. आता खेळाडू फुकट जागा सुचवतात, फुकट मत देतात, चालत चालत जागेचं चित्रण पाठवतात. त्या चित्रणावर जगाचा नकाशा ओळखणारं यंत्र घडवतोय, असं कंपनीनं 2024 मध्ये सांगितलं. 2025 मध्ये तिनं आपले खेळ साडेतीन अब्ज डॉलरला स्कोपली कंपनीला विकले. वाट दाखवणाऱ्याला काय मिळालं? पडद्यावरचं अंडं.

मग सोडून द्यायचं काय? नाही. आपण सोडलं तर जागा मोकळी राहत नाही, दुसरा भरतो. पण शिस्तीनं उतरायचं. माझं म्हणणं असं आहे.

एक, जी जागा आपण उभारली, जिथं माणसं जमतात, ती टाकायची. विहार, वाचनालय, तालीम, जयंतीचा चौक. अर्धापूर तालुक्यात दाभडच्या बावरीनगरला दरवर्षी धम्म परिषद भरते, लोक लांबून येतात. ती जागा कुणाच्या मेहेरबानीनं मोठी झालेली नाही.

दोन, वर्णन आपण लिहायचं. 'जुना पुतळा' असं बुळगं लिहायचं नाही. साल लिहायचं, लोकवर्गणी लिहायची, लढा लिहायचा. वस्तीचं नाव आपण ठेवलेलं लिहायचं. डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचा निर्णय केला. तो निर्णय मोबाईलमध्ये आपोआप शिरणार नाही. जुनं नाव दिसलं की दुरुस्ती पाठवायची, पुन्हापुन्हा पाठवायची.

तीन, शहिदाची जागा खेळाला द्यायची नाही. 2016 मध्ये ऑश्विट्झच्या स्मारकानं सांगितलं, आमच्याकडे हा खेळ नको. वॉशिंग्टनच्या ज्यू-संहार संग्रहालयानं सांगितलं. हिरोशिमानं सांगितलं आणि शांती उद्यानातले थांबे निघाले. मग टेंभुर्णी आम्ही आखाडा करू द्यायची? नोव्हेंबर 1993 मध्ये नांदेडात गौतम वाघमारेंनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं, तेव्हा कुठं 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. त्या राखेवर लाल टोळीनं पिवळ्या टोळीला हरवायचं? ही जागा नकाशावर पाहिजे, नावानिशी पाहिजे, खेळात नको. जागा नाकारायचा हक्कसुद्धा आपलाच आहे.

चार, वस्तीला विचारल्याशिवाय काही टाकायचं नाही. विशेषतः बायांना. रात्री दहाला अनोळखी पोरं मोबाईल घेऊन नळाजवळ उभी राहणार असतील, तर नळावर पाणी भरणारीचं मत आधी, तुमच्या खेळातल्या पायरीचं नंतर.

पुण्या-मुंबईला शिकणाऱ्या पोरांनो, दिवाळीला गावाकडं येता तेव्हा रेंज नाही म्हणून कुरकुरता. या वेळी वही घेऊन या. म्हातारी माणसं जिवंत आहेत तोवर विचारा, हा चौथरा कुणी बांधला, हा झेंडा पहिल्यांदा कुणी लावला, त्या रात्री कोण कोण होतं. पहिली यादी वहीत, कंपनीच्या पेटीत नंतर. खेळ आज आहे, उद्या बंद पडेल, विकला जाईल. वही राहील.

आमच्या जागा कोणाच्या मतानं मोठ्या होणार नाहीत. त्या मोठ्याच आहेत. फक्त त्यांची नावं आता आम्ही सांगणार.

जयभीम.