गोलमागचा मोबाइल

आधीच कबूल करतो. या लेखाची सुरुवात बर्फावर आहे आणि शेवट आपल्या ग्राउंडच्या चिखलात. आपल्या भागात बर्फ म्हणजे सातपाटीच्या बंदरावर पापलेटांवर टाकतात तो! त्यामुळे आइस हॉकीवर बोलायचा मला काडीचा अधिकार नाही. पण सबमिशनच्या एका रात्री जर्नल पूर्ण करायचं सोडून मी मोबाइलवर भलतंच काहीतरी बघत बसलो होतो. परदेशातले हौशी खेळाडू. दिवसभर नोकरी करणारे, काहींची पोटं सुटलेली. रात्री उशिरा भाड्याने घेतलेल्या रिंकवर आइस हॉकी खेळायला जमतात. आणि त्यांच्यातले गोलकीपर गोलच्या जाळीवर नाहीतर हेल्मेटवर कॅमेरा लावून स्वतःचा खेळ शूट करतात. ना बक्षीस, ना निवड समिती, ना टाळ्या वाजवायला कुणी. तरी घरी जाऊन आपणच खाल्लेले गोल पुन्हा पुन्हा बघत बसतात.

मला आधी हसू आलं. मग वाटलं, अरे, हे तर आपल्यासाठीच आहे.

कारण मी आपल्या हॉस्टेलचा गोली आहे. गोली कसा होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याला ड्रिबल जमत नाही आणि ज्याला पळायचा कंटाळा येतो, त्याला पोरं गोलमध्ये उभं करतात. मीही तसाच झालो. पण हळूहळू त्या तीन बांबूंच्या चौकटीत जीव रमला. बाकी दहा जणांच्या चुका झाकल्या जातात, गोलीची चूक मात्र थेट स्कोअरबोर्डवर लिहिली जाते. यातही एक मजा आहे. पण याच कारणाने गोलीला आणखी एक खोड लागते, ती म्हणजे सबबी सांगायची. उन्हं डोळ्यांवर होती, बॉल ओला होता, बॅकने वाट अडवली. माझ्याकडे अशा सबबींची पूर्ण वही होती म्हणा ना.

तर दुसऱ्या दिवशी मी फर्स्ट इयरचा मिनी-ड्राफ्टर कपाटातून काढला. इंजिनीअरिंग ड्रॉइंग सुटल्यापासून तो बिचारा धूळ खात पडला होता. त्याचा क्लॅम्प गोलमागच्या बांबूला आवळला, सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने मोबाइल बांधला, पावसासाठी वरून प्लॅस्टिकची पिशवी. झाला कॅमेरा तयार! पोरांनी यथेच्छ टिंगल केली. "स्टार झाला हा," "ऑटोग्राफ दे," वगैरे. मेसमध्ये आठवडाभर हाच विषय होता.

पहिलं रेकॉर्डिंग बघितलं आणि टिंगल परवडली असं वाटलं. मनातल्या मनात मी चित्त्यासारखा झेपावत होतो. पडद्यावर एक लुकडा मुलगा कमरेवर हात ठेवून उभा. बॉल समोरच्या अर्ध्यात गेला की तो चक्क पोस्टला टेकून उभा राहतो, एकदा तर बुटाची लेस बांधायला खाली वाकतो. ज्या सेव्हबद्दल मी दोन दिवस बढाया मारल्या, तो बॉल माझ्या गुडघ्याला आपटून बाहेर गेला होता. मला तो दिसलासुद्धा नव्हता!

आता थोडं गणित. इंजिनीअर आहोत, तेवढं चालेल. पेनल्टी ११ मीटरवरून मारतात. आपल्या पोरांचा फटका ताशी ८० किलोमीटर धरला तर सेकंदाला साधारण २२ मीटर, म्हणजे बॉल अर्ध्या सेकंदात गोलात. मोबाइल सेकंदाला ६० फ्रेम घेतो. म्हणजे सगळा खेळ ३० फ्रेमचा. मी एका रविवारी चिंचणीच्या किनाऱ्यावर प्रॅक्टिसच्या पेनल्ट्या शूट केल्या. (पालघरहून सकाळची डहाणू लोकल, मधे फक्त उमरोळी, बोईसरला उतरून शेअर रिक्षा. ओहोटीची वेळ बघून जा. ओल्या वाळूवर कितीही डाइव्ह मारा, कोपर सोलत नाही.) मग रूमवर एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजलं. बहुतेक वेळा मारणाऱ्याचा पाय बॉलला लागायच्या आठ-दहा फ्रेम आधीच मी एका बाजूला झुकलेलो. आणि ती बाजू बहुतेक वेळा डावी. समोरच्याला हे माहीत असतं तर त्याने डोळे मिटून उजवीकडे मारलं असतं. नंतर कळलं, आमच्या रायटरला ते माहीत होतंच. फक्त मलाच माहीत नव्हतं.

ही खोड माझ्या एकट्याची नाही, हे वाचून बरं वाटलं. इस्रायलच्या काही संशोधकांनी २००७ साली एक पेपर छापला. त्यांनी मोठमोठ्या लीगमधल्या आणि स्पर्धांमधल्या २८६ पेनल्ट्यांच्या फिल्म बघितल्या. साधारण २९ टक्के फटके गोलच्या मध्यभागी आले होते, पण गोलकीपर मधेच उभा राहिला तो जेमतेम ६ टक्के वेळा. उरलेल्या वेळी उडी, डावीकडे नाहीतर उजवीकडे. त्यांनी दिलेलं कारण मला फार पटलं. उडी मारून गोल गेला तर लोक म्हणतात, प्रयत्न तरी केला. उभं राहून गोल गेला तर म्हणतात, पुतळा आहे काय? म्हणजे जगातले पगारी गोलकीपरही बॉलपेक्षा लोकांच्या तोंडाला जास्त घाबरतात. व्हायवात काही येत नसताना आपण जसं काहीतरी बडबडतो ना, तसंच हे!

दुसरी गोष्ट अँगलची. ही मला त्या बर्फावरच्या लोकांकडून कळली. आइस हॉकीचा गोल सहा फूट रुंद, चार फूट उंच. गोलकीपर पॅडसकट पुढे सरकतो आणि मारणाऱ्याला जाळी दिसूच देत नाही. आपल्याकडे तेच समरूप त्रिकोण. फुटबॉलचा पूर्ण मापाचा गोल ७.३२ मीटर रुंद. समोरून १६ मीटरवरून कुणी मारतोय आणि गोली रेषेवरच उभा असेल तर त्याला सगळे ७.३२ मीटर सांभाळायचे. तोच चार मीटर पुढे आला तर साडेपाच. दहावीचं गणित आहे. मी छातीठोक सांगायचो की मी नेहमी पुढे येतो. फिल्ममध्ये मी रेषेवर, जणू पाय फेव्हिकॉलने चिकटवलेत.

पण हे सगळं लिहिण्याचं खरं कारण वेगळंच आहे.

गणपतीच्या सुट्टीआधीची इंटर-इयर फायनल अनेकांना आठवत असेल. आम्ही टी.ई., समोर बी.ई. शेवटची दोन-तीन मिनिटं, स्कोअर शून्य-शून्य. उजवीकडून उंच क्रॉस आला. आमचा स्टॉपर हेड करायला उडाला, मीही पुढे आलो, दोघांचा गोंधळ झाला, बॉल दोघांच्या मधून खाली पडला आणि त्यांच्या फॉरवर्डने नुसता ढकलला. मॅच गेली. त्या रात्री मेसमध्ये, सगळ्यांसमोर, मी स्टॉपरला वाट्टेल ते बोललो. "मी 'माझा' म्हणून ओरडलो होतो. बहिरा आहेस का?" तो मान खाली घालून जेवत होता. ताट तसंच ठेवून उठून गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. प्रॅक्टिसलाही यायचा बंद झाला. पोरांनीही ठरवून टाकलं, फायनल स्टॉपरने घालवली. कॉरिडॉरमध्ये त्याला "बहिरा" म्हणायला लागले.

चार दिवसांनी मी फायनलचं रेकॉर्डिंग लावलं. खरं सांगायचं तर माझंच बरोबर होतं हे बघायला लावलं. त्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती म्हणून मोबाइलवरची पिशवी काढलेली, त्यामुळे आवाज स्वच्छ. मोबाइल माझ्यापासून चार-पाच हातांवर. त्यात बाहेरच्या पोरांच्या शिव्या ऐकू येतात, दूरवर जाणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू येतो, बॉल आपटल्याचा आवाज येतो. "माझा" येत नाही. मी दोन पावलं पुढे टाकतो, थबकतो, एक पाऊल मागे घेतो. तोंडातून शब्द नाही. स्टॉपर एकदा मागे वळून माझ्याकडे बघतो, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी गप्प. मग तो उडतो.

मी दहा-बारा वेळा बघितलं. हेडफोन लावून बघितलं. गंमत अशी की आजही मला माझं ओरडणं आठवतं. घशात ताण आलेला आठवतो. मी मेसमध्ये खोटं बोललो नव्हतो, पण मी जे सांगितलं ते घडलेलंच नव्हतं.

पुढचे तीन दिवस ती फाइल तशीच मोबाइलमध्ये होती. डिलीट करायला एक सेकंद लागतो. कुणालाच कळलं नसतं, मेमरी फुल झाली म्हटलं असतं. माझं बोट दोनदा तिथपर्यंत गेलंही. चौथ्या दिवशी मी त्याच्या रूमवर गेलो आणि काही न बोलता मोबाइल समोर धरला. त्याने बघितलं. म्हणाला, "आवाज वाढवून परत लाव." परत लावलं. मग तो एवढंच म्हणाला, "हे मेसमध्ये पण लाव." बरोबरच होतं त्याचं. मेसमध्ये बोललो होतो, तर निस्तरायलाही मेसमध्येच हवं होतं. मी लावलं. त्या रात्रीचं जेवण काय होतं ते मला आठवत नाही.

म्हणून माझं मत असं की स्वतःचा खेळ शूट करावा, पण पूर्ण. आजकाल शूट सगळेच करतात. दीड तासाच्या मॅचमधले वीस सेकंद कापायचे, खाली गाणं टाकायचं आणि रील टाकायची. मीही टाकल्यात, साधूपणाचा आव आणत नाही. पण त्या रीलमध्ये गोल खाणारा गोली कुठेच नसतो. शंभर रील बघितल्या तरी मी डावीकडे आधी झुकतो हे मला कधीच कळलं नसतं.

इथे एका माणसाची आठवण काढतो. शंकर लक्ष्मण. महूचे, लष्करात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. १९५६ मेलबर्न, १९६० रोम, १९६४ टोकियो अशा तीन ऑलिंपिक हॉकी फायनलमध्ये ते भारताच्या गोलमध्ये उभे होते, तिन्ही पाकिस्तानविरुद्ध. तीन फायनलमध्ये मिळून गोल खाल्ला फक्त एक, रोममध्ये. त्या एका गोलाने सुवर्ण गेलं. डोक्यावर आजच्यासारखं हेल्मेट नाही, पायाला पॅड तेवढे. संध्याकाळी खोलीत बसून तो गोल मागे-पुढे करून बघायची सोय त्या काळी कुणाच्या हाती होती? चार वर्षांनी टोकियोत पुन्हा तोच प्रतिस्पर्धी, आणि भारत १-० ने जिंकला. २००६ साली महूमध्येच ते वारले. आपल्या प्रत्येकाच्या खिशात आज जे यंत्र आहे त्याची त्यांना गरज पडली नाही, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. आपण शंकर लक्ष्मण नाही.

आता जिमखान्याच्या सरांना थोडं. ग्राउंडवर मोबाइल नको, हा नियम कशासाठी आहे ते समजतं. सामन्यात पोरं स्क्रीनमध्ये डोकं घालून बसतात, हे खरंच आहे. पण गोलमागे बांधलेला मोबाइल कुणी हातात घेत नाही. एक साधा स्टँड आणि मॅचसाठी एक मोबाइल एवढी परवानगी द्यावी. आणि एक अट आम्ही स्वतःहून घालून घेतो. ज्याची चूक दिसते त्याला आधी एकट्याला दाखवायचं. ग्रुपवर टाकायचं नाही, दुसऱ्याची फजिती म्हणून तर अजिबात नाही. मेसमध्ये लावायचं की नाही ते त्यानेच ठरवायचं. कॅमेरा हातात आला की माणूस आधी दुसऱ्याच्या चुका शोधतो. माझंच उदाहरण वर दिलं आहे. मीही स्टॉपरची चूक शोधायलाच बसलो होतो.

बाकी, स्टॉपर प्रॅक्टिसला परत आलाय. क्रॉस आला की मी आता इतक्या जोरात "माझा" ओरडतो की लेडीज हॉस्टेलपर्यंत ऐकू जातं अशी तक्रार आहे. मागच्या रविवारी त्याने एक दुसरा मिनी-ड्राफ्टर आणून दिला, ज्युनिअरकडून मागून. म्हणाला, समोरच्या गोलमागे पण एक लाव, मला मागून कसं दिसतं ते बघायचंय. दुसरा मोबाइल कुणाचा वापरायचा, यावर सध्या रूम नंबर ठरवून भांडण चालू आहे.