कागदी ऑडिट बंद करा. ३१ मे ही अखेरची मुदत

दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींचे मालक, त्यांची स्ट्रक्चरल ऑडिटं करणारे माझे व्यवसायबंधू, दुरुस्ती मंडळ आणि महापालिकेचे वॉर्ड अधिकारी या सर्वांना ही जाहीर ताकीद आहे. तासाभरात इमारतीत फेरी मारायची, चार फोटो काढायचे आणि शिक्का उठवायचा, हा प्रकार आम्ही काही अभियंते यापुढे चालू देणार नाही. त्या शिक्क्याच्या भरवशावर माणसं पोराबाळांसह झोपतात.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली, ३३ जण गेले. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत केसरबाई इमारत पडली. बरोबर वर्षाने, १६ जुलै २०२० रोजी, फोर्टमधली भानुशाली इमारत, १० मृत्यू. तिन्ही दुर्घटना पावसाळ्यातल्या. आणि अशा प्रत्येक ढिगाऱ्यापाशी एकच वाक्य ऐकू येतं: अचानक पडली हो!

अचानक काही पडत नाही. सागवानी तुळईचं जे टोक भिंतीत गेलेलं असतं तेच आधी कुजतं, कारण ओल तिथे मुरते आणि वारा तिथे पोहोचत नाही. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते, तिच्यावर ऑइलपेंटही चकाकत असतो. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतलं पाणी आतच कोंडतं. वर गच्चीत टाकी वाढते, सज्जात संडास बांधला जातो, तळमजल्यावर गाळा मोठा करायला मधली भिंत काढली जाते. भार वाट बदलतो. मग भिंतीला फुगवटा येतो, दार चौकटीत अडकू लागतं, जुना तडा रुंदावतो. हे महिनोन्‌महिने चाललेलं असतं आणि एका भेटीत ते कुणालाच कळणार नाही, मग तो कितीही मोठा तज्ज्ञ असो. तडा दिसला एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. तो हलतोय की मेलाय, हे महत्त्वाचं. त्यासाठी तड्यावर काचेची पट्टी घट्ट बसवून तारीख लिहावी लागते, रुंदी दर महिन्याला मोजावी लागते, भिंतीचा ओळंबा नोंदवावा लागतो. निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा.

इटलीत पाव्हिया शहरातला शतकानुशतकं उभा असलेला मनोरा १७ मार्च १९८९ च्या सकाळी भुईसपाट झाला, चौघांचा बळी गेला. नंतर अवशेष तपासले तेव्हा उलगडलं की स्वतःच्याच वजनाखाली त्याचं बांधकाम आतल्या आत, अत्यंत सावकाश फुटत आलं होतं. त्या धसक्याने जानेवारी १९९० मध्ये पिसाचा झुकता मनोरा लोकांना बंद केला गेला. पण पिसाचा कल १९११ पासून नियमित मोजला जात होता. जवळपास ८० वर्षांच्या नोंदी हाताशी होत्या, म्हणून जमिनीत नेमकं काय करायचं ते ठरवता आलं. कल सुमारे ४५ सेंटिमीटरने कमी करून २००१ च्या अखेरीस तो पुन्हा उघडला.

आपल्याकडे काँक्रीटच्या सोसायट्यांसाठी केलेला फॉर्मच शंभर वर्षांच्या लादी-कोब्याच्या इमारतीला लावतात. रिबाउंड हॅमर काँक्रीटचा पृष्ठभाग किती कठीण आहे ते सांगतो. चुन्यात रचलेल्या विटेवर तो आपटून आलेला आकडा अहवालात छापणं ही फसवणूक आहे, आणि ती करणाऱ्यांना हे पुरतं ठाऊक आहे.

याच कागदाने दुसरा अनर्थही होतो. ज्या इमारती वाचू शकतात त्या ‘सी-१’, म्हणजे अतिधोकादायक आणि पाडण्यायोग्य, ठरतात, कारण पाडण्यात कुणाचा तरी फायदा असतो. काळाघोड्याच्या एस्प्लनेड मॅन्शनचं उदाहरण समोर आहे. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणलेल्या बिडाच्या सांगाड्यावर उभी राहिलेली ही वास्तू. १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंची चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. २००५ मध्ये तिचा सज्जा कोसळून जीव गेला, २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. मग एक अहवाल म्हणाला पाडा, वारसातज्ज्ञ म्हणाले जपता येईल. मधली चौदा वर्षं एकेक सांधा, एकेक खांब मोजत राहिलो असतो तर हा वाद उरलाच नसता.

खोट्या अहवालांनी सर्वांत मोठं नुकसान केलंय ते विश्वासाचं. भाडेकरूंनी खोटी ‘सी-१’ पाहिली आहे, म्हणून खरी नोटीस आली तरी ते घर सोडत नाहीत. आणि मरतात. भाडेकरूंनो, तुमचा संशय मला समजतो, पण टेकू काढू नका, टेकूंमध्ये पार्टिशन घालू नका, आणि मोजणीला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवू नका.

आता मुदत. ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं परीक्षण कायद्याने, महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार, बंधनकारक आहेच. नवीन कायदा कुणी मागत नाही. मालकांनी ३१ मेपर्यंत प्रत्येक भारवाही भिंतीच्या तड्यांवर मोजपट्ट्या बसवाव्यात आणि पहिली नोंद जिन्यात लावावी. तुळयांची टोकं उघडून पाहिल्याशिवाय कोणत्याही अभियंत्याने ‘सुरक्षित’ किंवा ‘पाडण्यायोग्य’ यांपैकी एकही शब्द लिहू नये. मंडळाने पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची नुसती नावं जाहीर करून थांबू नये. प्रत्येक नावापुढे काय मोजलं, कधी मोजलं आणि कुणी मोजलं ते छापावं.

हे झालं नाही तर १ जूनला मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल होईल. न पाहताच सह्या केलेले अहवाल आमच्याकडे जमा आहेत. ते सह्यांसकट जोडले जातील आणि त्या प्रत्येक सहीचा परवाना रद्द करण्याचा अर्ज त्याच दिवशी महापालिकेत दिला जाईल. व्यवसायबंधूंपैकी ज्यांना आपला अहवाल मागे घ्यायचा असेल त्यांनी तो ३१ मेच्या संध्याकाळपर्यंत लेखी मागे घ्यावा. त्यानंतर आलेली विनंती ऐकली जाणार नाही.