होडीवरची शेगडी आणि घरातली

गेल्या पावसाळ्यात मासळी विकणाऱ्या बायांच्या गटाच्या कामासाठी हर्णैला गेले होते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यामुळे होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या. गटातल्या एका मावशींनी त्यांच्या होडीवरचं स्वयंपाकघर दाखवलं. "इथे आम्ही नाही हो रांधत, बाप्येच रांधतात," त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघर म्हणजे केबिनीमागची चार फूट जागा. आतून पत्रा ठोकलेलं लाकडी खोकं, त्यात वाळू, वाळूत घट्ट रोवलेली शेगडी. भोवती लोखंडी पट्टीची कड, म्हणजे होडी कलली तरी टोप घसरत नाही. टोप खोल, आणि अर्धाच भरायचा. सिलिंडर वर उघड्यावर, उभा, दोरीने बांधलेला. मावशींचा मुलगा तांडेल आहे. तो म्हणाला, "ताई, गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर दारातून थोडा तरी बाहेर जाईल. होडीच्या तळाला दार कुठलं? तिथे साचतो, मग इंजिनाची एक ठिणगी पुरे." थंडीत पहाटे समुद्रावर हुडहुडी भरते, तरी निखाऱ्यांचं घमेलं बंद केबिनीत घ्यायचं नाही. त्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. शेजारी वाळूची बादली आणि ओलं गोणपाट. तेल किंवा रॉकेल पेटलं तर पाणी मारायचं नाही, आग पसरते.

हे कुणा इंजिनिअरने आखून दिलेलं नाही, खलाशांनीच हळूहळू जमवलेलं आहे. (रांधणाऱ्यालाही पगार किंवा वाटा मिळतो, हे जाता जाता.)

मैत्रिणींनो, पुरुष स्वयंपाकात इतके सावध असू शकतात, मग घरात काय होतं? होडीवर आग लागली तर मालकासकट सगळे जातात. घरात बहुतेक वेळा जळते ती एकटी बाई.

जळीत वॉर्डात काम करताना 'स्टोव्ह भडकला' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं. एकदा मृत्युपूर्व जबानी चालू असताना सासू पायथ्याशी उभी होती, आणि तिला बाहेर पाठवावं असं कुणालाही वाटलं नाही. मी सांगितलं तेव्हा जबानी संपत आली होती. 1986 साली हुंडाबळीचं 304ब कलम आलं. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम 80 आहे. पण कलम लागू होण्यासाठी आधी कुणीतरी तो स्टोव्ह नीट पाहायला हवा. टाकीत रॉकेल किती होतं? पिन, पंप जागेवर होते का? बाकी स्वयंपाकघर कोरडं, आणि भिजलेली फक्त साडीच का? पंचनाम्यात हे यावं म्हणून आपणच हटून बसायला हवं.

अपघात खरोखरच झाला असेल तरीही प्रश्न उरतोच. उज्ज्वला योजनेत 2016 पासून जोडणी बाईच्या नावावर मिळते. पण रबरी नळी 5 वर्षांनी बदलायची, तिचे पैसे कोण काढतं? बंद खोलीत सिलिंडरशेजारी खिडकी पाडायची की नाही, हे कोण ठरवतं?

मावशींच्या मुलाला विचारलं, "घरची शेगडी अशी का नाही बांधलीस?" तो हसला. मावशी हसल्या नाहीत. पुढच्या बैठकीत गटातल्या प्रत्येकीच्या घरची नळी तपासायची ठरली, आणि सुरुवात त्यांच्याच घरापासून.