गुरुजी आफ्रिकेला जाऊन आले!

आमच्या मेढ्याला व्याख्याने क्वचितच होतात. गणपती बोळवावेत, वेण्णेचे पाणी निवळावे आणि भात कापणीला यायच्या आत एखादा पाहुणा गाठून शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथराव्यात, एवढीच आमची चैन. यंदा असाच एक पाहुणा लाभला. कारखान्यातल्या यंत्रांचे शिक्षण देणारे हे गृहस्थ इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबाला, सहा आठवडे शिकवून आले होते. सारा गाव लोटला. मीही पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

तासभर त्यांनी आम्हांला हसवले. तिथले लोक इंजेरा नावाची आंबट, भोकाभोकांची पोळी खातात, हे सांगताना नाक मुरडले. तिथे वर्षाचे महिने १३, असे सांगून पोरांना खिदळवले. शेवटी छातीवर हात ठेवून म्हणाले, "त्या अंधारात आपण दिवा लावून आलो!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मात्र टाळी वाजवली नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

घाट उतरून कोकणात गेले की पानात आंबोळी पडते. ती कशी असते हो? आंबवलेली, जाळीदार, मऊ. तेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून केलेला इंजेरा तिची मावसबहीणच म्हणायचा. आणि ते १३ महिने? तीस तीस दिवसांचे बारा, उरल्या पाच-सहा दिवसांचा तेरावा. हिशोब कसा चोख! दर तिसऱ्या वर्षी धोंड्याचा महिना पाळून जावयाला अनारसे वाढणाऱ्या आपण त्याला हसावे? राहिला अंधार. त्या देशाला स्वतःची लिपी शतकानुशतके आहे. १८९६ साली अडवाच्या रणांगणात त्याने इटलीच्या फौजेला धूळ चारली. तेव्हा आपण विलायतेच्या राणीला मुजरे करीत होतो!

पण हे सारे परक्यांचे झाले. आपल्या चुलीचे पाहू. आमच्या जावळीच्या डोंगरउतारावर नाचणी पिकते. तिच्या भाकरीवर इथल्या पिढ्या वाढल्या. या नाचणीचे माहेर इथिओपिया आणि युगांडाच्या डोंगराळ मुलखात आहे. ज्वारी आणि बाजरीही मूळच्या आफ्रिकेच्याच. हजारो वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी रानगवतातून ही धान्ये निवडली, जोपासली. म्हणजे शिकवणीची पहिली फी आपण कधीचीच द्यायची राहिलो आहोत.

दुसरी फी मलिक अंबरची. इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने जमिनीची प्रतवारी करून साऱ्याची घडी बसवली. १६१० साली खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवून त्या शहराला नहरीने पाणी दिले. मराठी घोडेस्वार हाताशी धरून मोगलांना गनिमी काव्याने जेरीस आणले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. पाहुणा शिक्षक हवा तर हा घ्या! आणि आपण 'हबशी' हा शब्द पोरांना भिवविण्यासाठी राखून ठेवला.

"मग काय, शिकवायला जाऊच नये?" असे कोणी विचारील. जावे, जरूर जावे! सम्राट हैले सेलासींच्या काळात हजारो भारतीय शिक्षकांनी इथिओपियाच्या शाळा चालवल्या. ते मोठे काम होते. पण जायचे कसे, हे आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या राजपुत्राने दाखवले आहे. अप्पासाहेब पंत १९४८ साली भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. तिथल्या भारतीयांना त्यांचे सांगणे असे, की गोऱ्यांच्या पंगतीत जागा शोधू नका, आफ्रिकी माणसाच्या शेजारी बसा. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकायला मिळावे म्हणून ते झटले. मळ्यांच्या मालकांना आणि सरकारला ते खुपले. खुपणारच!

आता याची उलट बाजू पाहा. आपला शिक्षक त्यांच्या राजधानीत जातो, मान घेऊन परततो. २०१६ च्या मे महिन्यात काँगो देशाचा एक तरुण आपल्या राजधानीत, दिल्लीत, मारला गेला. रिक्षा कोणी घ्यायची एवढाच वाद. तो तरुण इथे फ्रेंच भाषा शिकवीत असे. तोही पाहुणा शिक्षकच! पटांगणात नाक मुरडून पिकवलेला हशा आणि रस्त्यावर उगारलेला दगड यांत अंतर आहे, हे मला मान्य आहे. पण वाट एकच आहे.

व्याख्यानानंतर मी उभा राहिलो. म्हटले, "गुरुजी, एकच शंका. आपल्या तिथल्या वर्गातल्या एका तरी विद्यार्थ्याचे नाव सांगाल का?"

ते हसले. म्हणाले, "अहो, ती नावे आपल्या जिभेला वळत नाहीत."

सहा आठवडे रोज हजेरी झाली असेल, आणि एकही नाव ओठांवर नाही! माझ्या वर्गात साठ पोरे आहेत. त्यांतल्या एकाचे नाव विसरलो तर मला रात्री झोप लागत नाही. ज्याला विद्यार्थ्याचे नाव ठाऊक नाही, त्याने दिवा कुणाच्या घरी लावला?

यापुढे परदेशी शिकवून आलेला कोणीही मेढ्याला आला, तर त्याने आधी चार नावे सांगावीत. मग आम्ही सतरंजी अंथरू.