हजेरी म्हणजे व्यायाम नव्हे

फिजिओथेरपीच्या खोलीत एक तक्रार नेहमी ऐकू येते : खेड्यातला पेशंट सांगितलेला व्यायाम करत नाही. दहा दिवस बोलावलं तर तीनदा येतो, शेक घेतो, मशीन लावून मागतो आणि दुखणं जरा कमी झालं की परत फिरकत नाही. या तक्रारीत तथ्य आहे. दीर्घ आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण उपचार नीट पाळतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालात श्रीमंत देशांबद्दल नोंदवलं आहे. आमचा वाशीम जिल्ह्यातला मानोरा तालुका अपवाद ठरेल असं मी म्हणत नाही. पण ‘आला नाही, म्हणजे केलं नाही’ हा निष्कर्ष मला मान्य नाही.

पोहरादेवीजवळच्या तांड्यावरच्या मजूर बाईचा विचार करा. गुडघ्यासाठी तिला वाशीमला किंवा कारंज्याला जायचं असेल, तर दिवस मोडतो. 2023 पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, ही मोठी सोय झाली. तरी त्या दिवसाची मजुरी पूर्णच बुडते. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी चालू असताना ती येणार नाही. तिच्या गैरहजेरीतून आपल्याला हंगाम कळतो. घरी तिने पाय किती वेळा उचलला, हे त्यातून कळत नाही.

मोजमापाची साधनं नाहीत असंही नाही. ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी 2000 साली खेळाडूंच्या पुनर्वसनासाठी एक छोटी मोजपट्टी प्रसिद्ध केली. रुग्ण व्यायाम किती जोर लावून करतो, सूचना किती पाळतो आणि बदल किती स्वीकारतो, या तिन्हींना थेरपिस्ट एक ते पाच गुण देतो. साधी, उपयोगी पट्टी आहे. पण ती खोलीतलंच पाहते, आणि आपल्याकडचा खरा उपचार घरी व्हायचा असतो. मग वही द्यावी का? 2002 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात जुनाट दुखण्याच्या रुग्णांना कागदी डायऱ्या दिल्या होत्या. वेळेवर नोंद केल्याचा त्यांचा दावा 90 टक्के होता. डायरी केव्हा उघडली हे टिपणाऱ्या छुप्या यंत्रणेने तो 11 टक्क्यांवर आणला. शिकलेल्यांच्या वह्यांची ही गत असेल, तर लिहिता न येणाऱ्या आजीच्या हाती तक्ता देऊन काय मिळणार?

यावर काही जण म्हणतात, मग मोजूच नका, गुण आला की झालं. हे मला अधिक घातक वाटतं. गुडघा सुधारला नाही, तर व्यायाम चुकीचा दिला होता की झालाच नाही, हे कळायला हवं. ते न कळता पुढची पायरी इंजेक्शनची, मग ऑपरेशनची येते. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने 1996 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला सुरू केलेल्या पाहणीत शंभरातल्या सुमारे 18 प्रौढांना सांध्या-स्नायूंचं दुखणं आढळलं होतं. एवढ्या लोकांच्या बाबतीत अंदाजावर चालणं परवडणारं नाही.

रुग्णांचाही एक युक्तिवाद खोडावा लागेल : ‘दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला?’ उकिडवं बसून निंदण करताना गुडघ्यावर भार वाढतो. पाय सरळ ठेवून उचलताना मांडीचा स्नायू बळकट होतो आणि गुडघा मोकळा राहतो. हा फरक ज्याला कोणी नीट समजावलाच नाही, त्याच्यावर हलगर्जीपणाचा ठपका ठेवणं अन्याय आहे.

मोजायचं ते असं मोजावं. रुग्ण पुन्हा येईल तेव्हा, महिन्याने का होईना, ‘करून दाखवा’ म्हणावं. ज्याने केलेलं असतं त्याचे हातपाय क्रम विसरत नाहीत. मग गेल्या आठवड्यात किती दिवस जमलं ते विचारावं, आणि विचारताना रागावू नये. रागावलं की उत्तर खोटं येतं. न जमण्याचं कारण केसपेपरवर लिहावं : दुखलं, वेळ नव्हता, विसरलं, पटलं नाही. दुखलं असेल तर व्यायाम बदलायचा आहे, वेळ नसेल तर सहा प्रकारांचे दोन करायचे आहेत. खुर्चीतून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं, ही नोंद वेगळ्या रकान्यात ठेवावी, म्हणजे पाळणं आणि सुधारणं यांची गल्लत होणार नाही. गर्दीच्या ओपीडीत एवढा वेळ कुठे, असं विचारलं जाईल. शेकाची मशीन चालू असताना थेरपिस्टला हे सगळं विचारता येतं.